चटणीचे पाकीट शेवटी जाते कुठे? सोलापूरकरांचा सल्ला हवा आहे

कडकभाकरी (धागाकर्ती)

नमस्कार. गेली नऊ वर्षे मी जुळे सोलापुरात राहत्या घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. पहिली दोन-तीन वर्षे ओळखीची माणसे स्वतःचा डबा घेऊन येत आणि मी वजन करून त्यात चटणी भरून देत असे. पुढे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांकडे निघालेले आईवडील चटणी नेऊ लागले, मग पार्सले सुरू झाली आणि पार्सलांबरोबर चंदेरी पाकीट आले. त्या पाकिटात चटणी दोन-अडीच महिने खवट होत नाही, तेल झिरपत नाही आणि वर नाव छापता येते, म्हणून ते मला फार सोयीचे वाटले. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

मागच्या महिन्यात एका सकाळी, घंटागाडी यायच्या आधी, आमच्या कोपऱ्यावर कचरा वेचणाऱ्या एक ताई पोते घेऊन बसल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या पोत्यात गेल्या, दुधाच्या पिशव्या झटकून वेगळ्या ठेवल्या गेल्या, पुठ्ठ्याचे खोके पायाखाली सपाट झाले. मग त्यांच्या हाताला माझे पाकीट लागले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, बोटांनी चुरगाळले आणि पुन्हा ढिगात टाकून दिले. मी कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्येला कोन घेत न्हाई बाई, ह्येचं नुसतं वझं हुतंय." व्यवसाय माझ्या मुलीच्या नावाने आहे, त्यामुळे त्या पाकिटावर तिचेच नाव आहे. ते नाव उष्ट्याखरकट्यात पडलेले पाहिल्यापासून मला चैन नाही.

जुनी पाकिटे संपत आली आहेत आणि नव्या पाच हजार पाकिटांची ऑर्डर द्यायची आहे. पाकीटवाल्यांनी तीन नमुने दाखवले: पुनर्वापराचे त्रिकोणी बाणांचे चिन्ह छापलेले तसेच चंदेरी पाकीट, तपकिरी कागदाचे पाकीट आणि ज्याचे खत होते असे सांगितले जाणारे एक मऊ पाकीट. यातले कोणते घ्यावे, की यातले कोणतेच घेऊ नये? ज्यांचा या विषयाशी हाताने संबंध आला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तराजू

ताई, आमचे भंगाराचे दुकान आजोबांच्या वेळेपासून आहे, म्हणून दुकानाच्या बाजूने सांगतो. आमच्याकडे माल आला की आम्ही त्यावर छापलेले चिन्ह पाहत नाही. हा एकच माल आहे की दोन-तीन माल एकमेकांना चिकटवलेले आहेत, त्याचा पुरेसा ढीग जमतो का आणि पुढे तो घेणारा कारखाना आहे का, एवढ्याच गोष्टी आम्ही बघतो. तिन्ही जमल्या तर त्या वस्तूला भाव आहे, आणि भाव आहे म्हणूनच ती कोपऱ्यावरच्या ताईंच्या पोत्यात जाते. त्या ताईंनी पाकीट चुरगाळून पाहिले, तीच आमची परीक्षा आहे. दुधाची पिशवी चुरगाळली तर मऊ लागते आणि फारसा आवाज होत नाही, तिला, म्हणजे मऊ पॉलिथिनला, आम्ही एलडी म्हणतो. बिस्किटाच्या पुड्यासारखी पन्नी कचकच वाजते आणि घडी टाकली तरी उलगडते. अनेक थरांचा माल हाताला लगेच कळतो.

तुमच्या चंदेरी पाकिटात बाहेर छपाईचा पीईटीचा (पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचा) थर, मध्ये ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि आत चिकटणारा पॉलिथिनचा थर असतो. आतला थर ११०-१२० अंशांना वितळतो, बाहेरचा २५० अंशांच्या पुढे, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना. हे तिन्ही एका भट्टीत घातले तर पुन्हा वापरता येणारा प्लास्टिकचा दाणा तयार होत नाही आणि वेगळे सोलायला माणूस बसवला तर मजुरीसुद्धा सुटत नाही. त्यावर त्रिकोण छापला काय आणि न छापला काय, आमच्या तराजूत ते येत नाही.

तपकिरी कागदाच्या पाकिटाबद्दल सावध राहा. नमुना घरी आणून एक कोपरा भिजवा आणि नखाने सोला. आतून पातळ पन्नी निघाली तर तो कागद नव्हे. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात असा माल सापडला की कारखाना वजनात कपात करतो, म्हणून आम्ही तो आधीच बाजूला काढतो.

उंबरठा

तराजूदादांचे म्हणणे पटले. परंतु आपण इतक्या लांब का जावे, असे मला वाटते. माझ्या लहानपणी भवानी पेठेतल्या दुकानात चटणी वर्तमानपत्राच्या पुडीत मिळत असे. घरी आणली की ती चिनीमातीच्या बरणीत जाई आणि पुडीचा कागद चुलीत. मागे काहीही उरत नसे. तशीच पद्धत पुन्हा सुरू करता येणार नाही का?

रसायनशाळा

उंबरठाताई, पुडीची आठवण मलाही आहे, परंतु छापील वर्तमानपत्रात अन्न बांधणे अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंद केलेले आहे आणि ते योग्यच आहे. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. आपल्या चटणीत कुटताना ते तेल सुटते आणि छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलात सहज उतरतात. कोऱ्या कागदाची पुडी चालेल, मात्र ती त्याच दिवशी घरी नेऊन बरणीत रिकामी करण्यापुरतीच.

मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे वेष्टन नेमके कशासाठी असते, हे आधी मांडतो. चटणी खवट होते ती तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्यामुळे, आणि उजेड व उष्णता त्याला वेग देतात. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा ही क्रिया किती झपाट्याने होत असेल याची कल्पना करावी. चंदेरी थर हवा आणि उजेड दोन्ही अडवतो, म्हणून तो वापरात आला. अर्थात वेष्टन काढून टाकले आणि त्यापायी चटणीच फेकावी लागली, तर शेंगा पिकवायला लागलेले पाणी, खत आणि मजुरी सगळेच वाया गेले. त्यामुळे वेष्टन नकोच, ही भूमिका मला मान्य नाही. चटणी जितके दिवस टिकवायची आहे तितकेच संरक्षण द्यावे आणि ते देणारी वस्तू आपल्या शहरात कुणीतरी विकत घेणारी असावी, असे मला वाटते.

कायद्याची बाजूही सांगतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत, पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावे, असे म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीत त्याला शब्द जोडले गेले आणि ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोगही होत नाही, असेच बहुस्तरीय प्लास्टिक त्या अटीत राहिले. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येते, एवढ्यावर चंदेरी पाकीट सुटले. आपल्याला जवळची सिमेंट भट्टी म्हणजे कलबुर्गीकडच्या वाडी-सेडम पट्ट्यातली. सोलापूरच्या गल्लीतले पाच ग्रॅमचे तेलकट पाकीट वेचून, साठवून, गठ्ठा बांधून तिथवर नेण्याचा खर्च कोण करणार, याचे उत्तर नियमातल्या शब्दांत नाही.

कडकभाकरी (धागाकर्ती)

सर, दादा, ताई, मनापासून आभार. कागदाच्या पाकिटाचा कोपरा रात्रभर वाटीत भिजवून ठेवला. सकाळी कागदाचा लगदा झाला आणि आतून बोटाएवढी पारदर्शक पन्नी सलग निघून आली. गिऱ्हाइकाला मी ते कागद म्हणूनच दिले असते.

आता खत होणाऱ्या पाकिटाविषयी कोणी सांगेल का? किंमत दुप्पट आहे, परंतु शेवट चांगला होणार असेल तर मी थोडा तोटा सोसायला तयार आहे.

रसायनशाळा

याबाबत घाई करू नये. अशा प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्याच्या चाचणीत पदार्थ ५८ अंशांच्या आसपासच्या तापमानात, भरपूर ओलावा आणि जंतू असलेल्या खतात ठेवतात आणि १८० दिवसांत त्यातील ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. म्हणजे ही वस्तू मोठ्या, तापलेल्या खतप्रकल्पासाठी बनवलेली आहे. परसातल्या खड्ड्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत इतके तापमान टिकत नाही आणि रस्त्याकडेच्या गटारात तर नाहीच. आपल्या शहराने तुळजापूर रस्त्यावर ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करण्याचा प्रकल्प उभा केला, परंतु बायोगॅसच्या कुंडीत जाण्याआधी पन्नीसारखे दिसणारे सगळे बाजूला काढावे लागते. चाळणीवरच्या माणसाला कोणती पन्नी मक्याच्या स्टार्चची आणि कोणती पेट्रोलियमची, हे ओळखता येणे अवघड आहे.

ज्या शहरात अशा वस्तू वेगळ्या गोळा होऊन योग्य प्रकल्पात जातात, तिथे त्या उपयोगाच्या आहेत. इथे तुमचे जादा पैसे एका चांगल्या शब्दासाठी जातील.

तराजू

सरांच्या म्हणण्यात दुकानातली एक गोष्ट जोडतो. दोन वर्षांपूर्वी तशा पिशव्या एलडीच्या गठ्ठ्यात मिसळून गेल्या. दिसायला अगदी दुधाच्या पिशवीसारख्याच होत्या. दाणा करणाऱ्याकडून माल परत आला, कारण त्या दाण्याची पन्नी ओढताना मध्येच भोके पडत होती. त्या एका गठ्ठ्यात आमची महिन्याची कमाई गेली.

बार्शीलाइट

मी मूळचा बार्शीचा, आता पुण्यात असतो आणि अशा चटण्यांचा नियमित गिऱ्हाईक आहे. मला सरळ उपाय काचेच्या बरणीचा दिसतो. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा दर्जा उतरत नाही, चव बदलत नाही आणि आमच्याकडे तर बरणी फेकतच नाही, तिच्यात मोहरी-जिरे राहते. तुम्ही प्लास्टिकच्याच प्रकारांत का अडकला आहात?

कडकभाकरी (धागाकर्ती)

बार्शीलाइटदादा, काचेचा प्रयोग मी चार वर्षांपूर्वी केला आहे. पाव किलो चटणीच्या बरणीचे वजन चटणीइतकेच भरले, त्यामुळे पार्सलाचा खर्च वाढला. बरण्या फुटू नयेत म्हणून मी त्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळत होते आणि वर थर्माकोलचे तुकडे घालत होते. तरीसुद्धा एका खोक्यात दोन बरण्या फुटल्या आणि काचेचे कण गेल्यामुळे बाकीच्या चारांतली चटणीही टाकून द्यावी लागली. एका चांगल्या बरणीसाठी मी दोन वाईट वस्तू वापरत होते, हे मला आज लिहिताना जाणवते आहे.

तराजू

काचेबद्दल अजून एक. रिकामी अखंड बाटली धुऊन पुन्हा भरली जाते, तिला मान आहे. फुटलेल्या काचेला मात्र भाव फार कमी असतो, ती जड आहे आणि वेचणाऱ्यांचे हात कापते. म्हणून काच परत येणार असेल तरच ती वापरा. गावातल्या गावात नक्की वापरा.

धोटा

हा धागा दोन दिवस वाचतो आहे आणि लिहावे की नाही या विचारात होतो, कारण माझ्या मालाचे वेष्टन तुमच्या पाकिटापेक्षा वाईट आहे. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आमचे यंत्रमाग आहेत, चादर आणि टॉवेल काढतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे आणि आमची सुती चादर पंधरा-वीस वर्षे सहज चालते. फाटली की तिची वाकळ होते, वाकळीचे पायपुसणे होते आणि शेवटी गॅरेजात तेल पुसायला चिंधी म्हणून जाते. तिचा प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी उपयोगाचा असतो, आणि निव्वळ सुती असेल तर मातीत गेली तरी ती कुजते. अशी वस्तू आम्ही विकतो ती झिपवाल्या, पारदर्शक पीव्हीसीच्या पिशवीत. त्या पिशवीचा शेवट काय, हे तराजूदादांनी स्पष्ट सांगावे.

तराजू

काका, मऊ पीव्हीसी एकटे आले तर चपलांच्या तळव्यांना घेणारे असतात. तुमच्या पिशवीला कडेने नायलॉनची पट्टी शिवलेली असते, वर झिप असते, झिपला धातूचा किंवा प्लास्टिकचा सरकता तुकडा असतो आणि आत छापील पुठ्ठा. कात्रीने हे सगळे कापून काढले तरच आतली पन्नी हाती लागते. एक पिशवी कापायला दोन मिनिटे लागतात आणि हातात येते मूठभर पन्नी. कुणीही करत नाही.

त्याहून मोठे नुकसान असे आहे की पीव्हीसी दुसऱ्याचा माल बिघडवते. आम्ही कापलेला माल हौदात टाकतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन पाण्यावर तरंगते, ते वरून झाऱ्याने काढता येते. पीईटी बुडते, पण पीव्हीसीही बुडते. दोन्ही तळाशी एकत्र बसतात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात.

रसायनशाळा

आणि पुढे भट्टीत पीईटी वितळायला २५० अंशांच्या वर जावे लागते, तर पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी फुटू लागते आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. त्या वाफेने पीईटीचे लांब रेणू तुटतात, माल पिवळा पडतो आणि त्यात काळे ठिपके येतात. हजारो बाटल्यांमध्ये चार-दोन पीव्हीसीच्या असल्या तरी माल नापास होऊ शकतो. उघड्यावर जाळली तर पीव्हीसीतल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन हे विषारी द्रव्य तयार होण्याचा धोका असतो. थंडीत चौकाचौकांत कचऱ्याची शेकोटी पेटते, तिच्यात अशी पिशवी असते तेव्हा तो धूर शेकत बसलेल्या मुलांच्या छातीत जातो. पीव्हीसीचे वेष्टन टाळता येत असेल तर ते सर्वांत आधी टाळावे, असे माझे ठाम मत आहे.

उंबरठा

एक बाजू मांडते. चादरीची ती झिपची पिशवी आमच्या घरी कुणी फेकत नाही. माझ्या लग्नातली इरकल अठरा वर्षे तशाच पिशवीत आहे. वापर होतो आहे, तोवर तिला कचरा कसे म्हणावे?

धोटा

ताई, तुमच्यासारखी घरे आहेत म्हणूनच आम्ही इतकी वर्षे निर्धास्त राहिलो. पण एका घरात अशा पाच-सहा पिशव्या लागतात, आणि आम्ही एका लग्नाच्या आहेरालाच शंभर चादरी देतो. त्या शंभर पिशव्या शंभर इरकलींना लागत नाहीत.

आम्ही एक नमुना करून पाहिला आहे. मागावरून कापताना जे तुकडे निघतात, त्यांचीच नाडीची पिशवी शिवायची आणि चादरीला कागदी पट्टा घालायचा. शिलाईसाठी पूर्व भागातल्या दोन घरी काम दिले. नवी पेठेतल्या एका दुकानदारांचे म्हणणे असे, की गिऱ्हाइकाला नक्षी दिसली पाहिजे आणि पांढऱ्या चादरीवर धूळ बसता कामा नये. त्यावर आम्ही दुकानात प्रत्येक नक्षीची एक चादर उघडी ठेवायची आणि बाकीचा माल दहा-दहाच्या गठ्ठ्याने एकाच मोठ्या एलडी पन्नीत द्यायचा, असे ठरवले. ती पन्नी दुकानदार आम्हाला परत करतो. चार दुकानांनी मान्य केले आहे, बाकीच्यांशी बोलणे चालू आहे.

रसायनशाळा

धोटाकाका, उत्तम. कापडी पिशवीविषयी एक आकडा मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत नवी सुती पिशवी हवामानाच्या दृष्टीने परवडायची असेल, तर ती किमान १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवायला आणि सूत काढायला पाणी, खत व वीज लागते. म्हणून प्रत्येक समारंभात नाव छापून वाटलेल्या नव्या कापडी पिशव्यांचे मला कौतुक वाटत नाही. तुमची पिशवी मागावरच्या तुकड्यांची आहे, तिच्यासाठी वेगळा कापूस पिकवला गेलेला नाही, हा मोठा फरक आहे. जुन्या चादरीची शिवलेली पिशवीही तशीच.

बाजारात न विणलेल्या, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळतात, त्या पॉलिप्रोपिलिनच्या असतात. सप्टेंबर २०२१ पासून त्यांना किमान ६० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाची अट आहे. त्या कापड समजून घेऊ नयेत.

उंबरठा

माझ्याकडून घरच्या कामाच्या दोन गोष्टी. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका. एका बाजूने अडकलेला ठेवा, म्हणजे तो पिशवीबरोबर जातो. सुटलेला नखाएवढा तुकडा कुणीही वेचत नाही, तो मोरीतून गटारात आणि तिथून नाल्यात जातो. दुसरे म्हणजे धुण्याचे पाणी. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा प्लास्टिक धुवायला चांगले पाणी घालवणे कुणाच्याही जिवावर येईल. मी तांदूळ धुतलेले पाणी वापरते. दुधाची पिशवी त्यात खंगाळून दोरीवर चिमटा लावून वाळवते आणि महिन्याचा गठ्ठा एकदम देते.

तराजू

ताई, वाळलेली, वास नसलेली पिशवी आणि आंबलेली पिशवी यांच्या भावात फरक असतो. तेलकट माल तर सर्वांत खाली. कडकभाकरीताईंचा खरा प्रश्न हाच आहे, की चटणीचे पाकीट एकाच प्लास्टिकचे केले तरी आतून ते तेलाने माखलेले राहणार.

कडकभाकरी (धागाकर्ती)

मंडळी, मध्ये तीन महिने लिहिले नाही, कारण पाच हजारांची ऑर्डर थांबवून मी प्रयोग करत होते. फाल्गुनात एकाच दिवशी कुटलेली एकाच घाण्याची चटणी चार ठिकाणी भरली: चंदेरी पाकीट, जाड एलडी पाकीट, पारदर्शक पीईटीची बरणी आणि काचेची बरणी. चारही जिन्नस माजघराच्या फडताळात ठेवले आणि दर आठवड्याला घरातल्या तिघांनी वास व चव पाहून वहीत लिहिले.

एलडी पाकिटाला दुसऱ्या आठवड्यातच बाहेरून तेलाचा हात लागू लागला आणि चौथ्या आठवड्यात चटणीला जुन्या तेलाचा वास आला. पीईटीच्या बरणीतली चटणी नवव्या आठवड्यापर्यंत चांगली राहिली, दहाव्यात फरक जाणवला. चंदेरी पाकीट आणि काच त्यापुढेही ठीक होते. मग मी वहीतली विक्री काढून पाहिली. माझी पाव किलो चटणी साधारण तीन आठवड्यांत संपते, असे बहुतेक गिऱ्हाइकांनी सांगितले. म्हणजे जे संरक्षण कुणाला लागतच नव्हते, त्यासाठी मी ते पाकीट घेत होते. मोठा घाणा एकदम काढून साठा ठेवण्याची सोय मलाच हवी होती.

त्यामुळे आता आठवड्यातून दोनदा लहान घाणा काढते. गावातल्या गिऱ्हाइकांना काचेची बरणी देते, तिचे तीस रुपये अनामत घेते आणि बरणी परत आली की पैसे परत करते. बरणी गरम पाणी व सोड्याने धुऊन, उकळून, उन्हात पालथी घालून मगच पुन्हा भरते. पहिल्या महिन्यात शंभरातल्या बहात्तर बरण्या परत आल्या. स्वतःचा डबा आणणाऱ्यांना पाच रुपये कमी घेते. बाहेरगावच्या पार्सलांना पीईटीची बरणी ठरवली आहे, परंतु ती घेण्याआधी तराजूदादांनी पाहावी, अशी इच्छा होती, म्हणून नमुना त्यांच्या दुकानावर पाठवला आहे.

कडक भाकरीसाठी फारसे करावे लागले नाही. तिला फक्त दमट हवेपासून जपायचे असते. पुठ्ठ्याचे खोके आणि आत एकच मऊ एलडी पिशवी, दोन्ही सुटी, न चिकटवलेली. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळतात तशी पातळ पन्नी वरून लावत नाही, ती तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहे.

तराजू

ताई, बरणी पाहिली. बरणी पारदर्शक आहे, हे चांगले. रंगीत किंवा काळ्या पीईटीला गिऱ्हाईक कमी असते. झाकण पॉलिप्रोपिलिनचे आहे, ते हौदात तरंगते आणि बरणी बुडते, त्यामुळे दोन्ही आपोआप वेगळे होतात. झाकण लावूनच दिले तरी आमची हरकत नाही.

दोन गोष्टी बदलाव्या लागतील. बरणीला पूर्ण वेढणारे जे छापील आवरण तुम्ही दाखवले, ते गरम हवेने आवळून बसवतात आणि ते पीव्हीसीचे आहे. वर झालेली चर्चा तुम्ही वाचलीच आहे. त्याऐवजी अर्ध्या बरणीला पुरेल एवढे कागदी लेबल घ्या आणि पाण्यात सुटणारा गोंद मागा. आमच्याकडे धुताना ते निघून येते. दुसरे म्हणजे तोंडावर चिकटवलेला चंदेरी पापुद्रा. गिऱ्हाईक तो फाडते तेव्हा अर्धा कडेला चिकटून राहतो आणि दाण्यात ॲल्युमिनियमचे कण येतात. ज्याला धरायला जीभ असते आणि जो एका ओढीत पूर्ण निघतो, असा पापुद्रा मिळतो. तो महाग नाही.

रसायनशाळा

आणि चटणी पूर्ण थंड झाल्याशिवाय पीईटीच्या बरणीत भरू नये. सत्तर अंशांच्या पुढे ती मऊ पडून वाकते आणि गरम तेल तिच्यात मुळीच घालू नये.

बार्शीलाइट

मी काचेचा आग्रह धरला होता, तो मागे घेतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत सुका कचरा वेचक ताईच नेतात, त्यांना मी काल पीईटीची बरणी दाखवून विचारले. घेतो म्हणाल्या, पण आतले तेल काढून द्या म्हणाल्या. ताई, हे तेल काढायचे कसे, तेवढे लेबलवर लिहाल का?

कडकभाकरी (धागाकर्ती)

पापुद्रा बदलला, लेबल कागदी केले आणि आज सकाळी पहिल्या दोनशे बरण्या आल्या. लेबलवर काय लिहावे याचा विचार करत होते, तेव्हा सासूबाईंनी सांगितले की त्यात शिकवण्यासारखे काय आहे, बरणीच्या तळाला चटणी राहिली की त्यात कोमट भात घालून कालवायचा. मग मी घरी करून पाहिले. दोन मुठी भात, चिमूटभर मीठ, चमच्याने सगळीकडून फिरवले. तेल आणि चटणी सगळी भाताला लागली, बरणी आतून जवळजवळ कोरडी निघाली आणि उंबरठाताईंच्या तांदळाच्या पाण्याने एका खंगाळण्यात स्वच्छ झाली. तोच मजकूर लेबलवर छापायला दिला आहे: "शेवटची चटणी कोमट भातात बरणीतच कालवा, बरणी खंगाळून वाळवा, झाकण लावून भंगारात द्या."

कोपऱ्यावरच्या ताईंनाही एक रिकामी बरणी दाखवली. त्यांनी ती दाबून पाहिली, झाकण फिरवून पाहिले, आत वास घेतला आणि पोत्यात टाकली. जुनी चंदेरी पाकिटे तीनशे उरली आहेत. ती वापरून संपवावीत की तशीच ठेवावीत, याबद्दल तराजूदादांचे मत हवे आहे.

तराजू

वापरून संपवा, ताई. छापलेला माल न वापरता टाकला तरी तो जातो तिथेच. फक्त शक्य असेल तर ती गावातच द्या आणि गिऱ्हाइकांना रिकामी पाकिटे तुमच्याकडे परत आणायला सांगा. तीनशे पाकिटे एकत्र जमली तर सिमेंट भट्टीकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीत घालता येतील का, ते मी विचारून ठेवतो.